पैसे मोजून घेतलेला गेम आपल्याच हातात राहावा म्हणून

स्क्रीनवर करडी चौकट आली. गेम सुरू करायचा तर इंटरनेट जोडा, एवढंच तिच्यात लिहिलेलं, आणि खाली एकच बटण : बंद करा. आदल्या रात्री हाच गेम मी तीन तास खेळलो होतो. एकट्याने खेळायचा, गोष्टीचा गेम. त्यात समोर दुसरा खेळाडू नाही की सर्व्हरवर चालणारं काही नाही. मधल्या काळात दोनच गोष्टी घडल्या होत्या. रात्री विंडोजचं मोठं अपडेट बसलं होतं आणि सकाळी इंटरनेट गेलं होतं. ते चार दिवसांनी आलं, आणि ते चारही दिवस माझ्या सुट्टीचे होते.

हा गेम मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण किंमत देऊन घेतला होता. ज्याने चोरटी प्रत उतरवली त्याला ही चौकट कधी दिसतच नाही, कारण क्रॅक करणाऱ्याने ती तपासणी एकदाच काढून टाकलेली असते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. म्हणून क्रॅककडे वळा असं मी मुळीच सांगत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं राबून गेम बनवला त्यांचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत, आणि क्रॅकच्या फायलींबरोबर घरात काय शिरतं ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाने मुकाट सोसावं हेही मला मान्य नाही. गेम घेण्याआधी, घेतल्यावर आणि पुढे अडचण आली तर नेमकं काय करायचं, ते मी स्वतः जसं करतो तसं इथे मांडतो.

पायरी १ : कुलूप कोणतं ते ओळखा

डीआरएम, म्हणजे गेमची नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप, हा शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात त्यात निरनिराळी कुलपं आहेत आणि प्रत्येकाचा त्रास वेगळा.

सगळ्यात साधं कुलूप दुकानाचं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम सुरू होताना एवढंच बघतात, की स्टीम चालू आहे का आणि या खात्यावर हा गेम आहे का. ऑफलाइन मोड आधीच नीट लावून ठेवला असेल तर याचा जाच जवळपास नाही. त्यावरचं कुलूप म्हणजे प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारं ॲप. गेम स्टीमवर घेतला तरी वर युबिसॉफ्ट कनेक्ट किंवा ईएचं ॲप उघडतं आणि वेगळं खातं मागतं. दोन कुलपं, दोन किल्ल्या; एक जरी अडली तरी दार उघडत नाही.

मग येतं डेनुवो, आणि याच्यावर जरा थांबायला हवं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गची ही कंपनी सेक्युरॉम हे जुनं डिस्कचं कुलूप बनवणाऱ्यांमधूनच निघाली. २०१४ मध्ये फिफा १५ बरोबर तिचं कुलूप पहिल्यांदा बाजारात आलं, २०१८ मध्ये इर्डेटो या कंपनीने ती विकत घेतली. गेम पहिल्यांदा सुरू करता तेव्हा तुमचा प्रोसेसर, विंडोज वगैरेंच्या खुणा गोळा होऊन सर्व्हरकडे जातात. त्या खुणांशी जुळणारं टोकन सर्व्हर परत पाठवतो आणि ते तुमच्या डिस्कवर बसतं. पुढे गेमच्या कोडमधले काही भाग हे टोकन आणि त्या खुणा जुळल्या तरच बरोबर चालतात. ते भाग कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून आभासी यंत्रात गुंडाळलेले असतात.

यातून ग्राहकाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. खुणा बदलल्या की टोकन निकामी होतं आणि नवं आणायला इंटरनेट लागतं. माझ्या चार दिवसांचं कारण हेच. दुसरं असं, की गुंडाळलेला कोड साध्या कोडपेक्षा सावकाश चालतो. मेनू उघडताना एकदाच चालणाऱ्या जागी तो असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, चालणाऱ्या जागी असेल तर हात लगेच ओळखतो. म्हणजे डेनुवो आहे म्हणून प्रत्येक गेम मंदच असेल असं नाही. ते कुठे आणि किती पेरलंय त्यावर सगळं आहे. टेक्केन ७ या मारामारीच्या गेममध्ये अकुमा या पात्राच्या काही चालींच्या वेळी पीसीवर फ्रेम पडत होत्या, तेव्हा मालिकेचे प्रमुख कात्सुहिरो हारादा यांनीच २०१८ मध्ये डेनुवोकडे बोट दाखवलं होतं.

चौथं कुलूप मला सगळ्यात जाचक वाटतं : एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट हवं. मार्च २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ पीसीवर आला तेव्हा जोडणी तुटली की गेम तिथेच थांबायचा. त्याच महिन्यात युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक बाहेर ताटकळले. डायब्लो ३ च्या पहिल्या दिवशी, मे २०१२ मध्ये, एरर ३७ हा आकडा लोकांना पाठ झाला. मार्च २०१३ मध्ये सिमसिटीचे सर्व्हर कोसळले. ऑफलाइन खेळण्याची सोय देणं फार अवघड असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं आणि वर्षभराने तीच सोय अपडेटमधून आली.

अँटी-चीट हा वेगळा प्रकार आहे, त्याची गल्लत करू नका. ते ऑनलाइन सामन्यातली लबाडी पकडायला असतं. मात्र ते थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यात आतल्या गाभ्यात, बसत असेल तर तेही तुमच्या माहितीत हवं.

पायरी २ : पैसे देण्याआधी पान वाचा

स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूला, भाषांच्या यादीच्या आसपास, फिक्या रंगाची चौकट असते. तिसऱ्या कंपनीचं डीआरएम असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं. डेनुवोच्या गेमवर बहुधा त्याचं नाव आणि एका दिवसात ५ वेगवेगळ्या संगणकांची मर्यादा दिसते. वेगळं खातं लागणार असेल तर तेही तिथेच, आणि कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट असेल तर २०२४ च्या अखेरीपासून तेही जाहीर करणं स्टीमने सक्तीचं केलं आहे. ट्रेलर बघून थेट खरेदीच्या बटणाकडे जाणाऱ्याची नजर या चौकटीवर पडत नाही. तिथे बोट ठेवून वाचायची सवय लावा.

पण एवढ्यावर विसंबू नका. पीसीगेमिंगविकी नावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गेमच्या पानावर दुकानवार तक्ता असतो : कुठल्या दुकानातल्या प्रतीला कोणतं कुलूप आहे आणि कुठली प्रत बिनकुलपाची आहे. एकच गेम एका दुकानात डेनुवोसह आणि जीओजी या डीआरएम न लावणाऱ्या दुकानात बिनकुलपाचा, असं खूपदा असतं. किंमत सारखी असेल तर दुसरी प्रत घ्यायची, यात विचार करण्यासारखं काही उरत नाही.

आधी कुलूप नव्हतं आणि नंतर अपडेटमधून आलं, असंही होतं. मे २०२० मध्ये डूम इटर्नलमध्ये डेनुवोचं अँटी-चीट अपडेटमधून घुसवलं गेलं आणि ग्राहकांनी गदारोळ केल्यावर काढलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये कॅपकॉमने रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स या कित्येक वर्षं जुन्या गेमला नवं कुलूप लावलं, त्याने गडबड झाली आणि अपडेट मागे घ्यावं लागलं. म्हणून जुना गेम घेतानाही अलीकडच्या प्रतिक्रियांवर नजर टाका. एकूण गुण ‘खूप चांगला’ आणि गेल्या तीस दिवसांचे ‘संमिश्र’ असतील तर काय बिघडलं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३ : जमत असेल तर थांबा

कुलूप लावणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या कंपनीने गेम डेव्ह टायकून काढला तेव्हा पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांतले ९३.६ टक्के लोक चोरट्या प्रतीवर होते. डेनुवोच्या गेमच्या कमाईवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्रॅक अगदी सुरुवातीलाच आला तर महसुलाला सरासरी २० टक्क्यांच्या आसपास फटका बसतो, असं त्यात निघालं. मोठ्या संघाच्या पगारांच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग ग्राहकाने लक्षात ठेवायचा आहे. साधारण १२ आठवड्यांनंतर क्रॅक आला तर महसुलावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. कंपनीच्या दृष्टीने कुलपाचं काम तीन महिन्यांत संपतं, आणि ग्राहकाच्या संगणकावर मात्र ते वर्षानुवर्षं राहतं. माझी सगळी तक्रार या फरकाबद्दल आहे. काम झाल्यावर कुलूप काढा, एवढीच मागणी आहे, आणि ती पूर्ण करता येते हे अनेकांनी दाखवलंय. २०१६ चा डूम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेनुवोतून मोकळा झाला. २०१७ मध्ये राइमच्या निर्मात्यांनी क्रॅक आला तर आम्ही कुलूप काढू असं आधीच सांगितलं, काही दिवसांत क्रॅक आला आणि त्यांनी शब्द पाळला.

म्हणून घाई नसलेला गेम मी यादीत टाकून ठेवतो आणि सहा महिने ते वर्षभराने परत बघतो. तोवर बरेचदा कुलूप गेलेलं असतं, चुका दुरुस्त झालेल्या असतात आणि किंमतही उतरलेली असते.

पायरी ४ : पहिले दोन तास परीक्षेचे

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर कारण न विचारता पैसे परत मिळतात. एपिक या दुकानाचा नियम जवळपास तसाच आहे. जीओजीवर ३० दिवस मिळतात, खेळून झालं असलं तरी. हे दोन तास गोष्टीत रमून घालवू नका. लाँचर उघडा ठेवून चहा प्यायला गेलात तरी घड्याळ चालूच असतं.

माझा क्रम असा. गेम पूर्ण उतरला की आधी सगळी अपडेट होऊ देतो. पहिल्यांदा सुरू करताना काय काय मागितलं जातंय ते बघतो : वेगळं खातं, फोन नंबर, पार्श्वभूमीत चालणारी सेवा बसवायची परवानगी. मग सेटिंगमध्ये न रेंगाळता थेट खेळात शिरतो, कारण अडखळणं मेनूत दिसत नाही, लढाईत दिसतं. अर्ध्या तासाने एकदा जतन करून बाहेर पडतो.

आता खरी चाचणी. स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका, संगणकाचं वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा आणि गेम परत सुरू करा. उघडला तर जतन केलेल्या जागेपासून पाच मिनिटं खेळा. मग संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि इंटरनेटशिवायच परत उघडा. इथे अडला आणि पानावर सतत इंटरनेट लागेल असं कुठेही लिहिलेलं नसेल, तर चौकटीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी पैसे परत मागा. ‘नंतर बघू’ म्हणत मी तो पहिला गेम दोन तासांच्या पुढे नेला आणि परतीचा रस्ता बंद करून घेतला.

पायरी ५ : अडखळतोय, पण दोष कुणाचा?

इथे घाईने बोट दाखवू नका. नव्या गेममध्ये अडखळण्याची सगळ्यात नेहमीची कारणं वेगळीच असतात : शेडर (चित्र रंगवणारे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) खेळताना तयार होणं, ग्राफिक्स कार्डची मेमरी भरणं, जुना ड्रायव्हर, हळू डिस्क.

ओळखायची सोपी रीत आहे. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स हे मोजणी करणारं साधन लावा आणि सरासरी फ्रेमरेट बघण्याऐवजी फ्रेम टाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळाची, रेघ बघा. शांत रेघेत मधूनच उंच सुळका येतो तो क्षण पकडा. त्याच जागी परत जाऊन तीच कृती तीनदा करा. पहिल्यांदाच सुळका आला आणि नंतर नाही, तर बहुतेक शेडर. सेटिंग खाली आणल्यावर गेला तर ग्राफिक्स कार्ड. मात्र ग्राफिक्स कार्डवर ताण नसताना, सगळ्या सेटिंग खाली असताना, त्याच कृतीला दर वेळी सुळका येत असेल तर गेमच्या कोडमध्येच काहीतरी आहे. ते कुलूपच असेल असं इथून सिद्ध होत नाही, पण तक्रारीत लिहिण्याजोगा पुरावा तुमच्या हातात येतो.

असा पुरावा कामी आलेला आहे. २०२१ मध्ये रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज पीसीवर शत्रूवर गोळी झाडताना अडखळायचा. जुलैमध्ये क्रॅक आला आणि क्रॅक झालेल्या प्रतीत ते अडखळणं नव्हतं. गेमची कामगिरी तपासणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने मोजून तेच दाखवलं. त्याच महिन्यात कॅपकॉमने पॅच दिला आणि पायरसीविरोधी तंत्रात सुधारणा केल्याचं त्याच्या नोंदीत स्वतःच लिहिलं. दोन महिने पैसे भरलेले लोक स्वतःच्या संगणकाला दोष देत बसले होते.

नवा प्रोसेसर घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. २०२१ च्या शेवटी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, ज्यांत लहान-मोठे असे दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, होते. काही गेममधल्या डीआरएमला लहान कोअर म्हणजे दुसराच संगणक वाटला आणि गेम बंद पडू लागले. पुढे पॅच आले, पण तोवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक सेटिंग चालू करून गेमआधी स्क्रोल लॉक दाबायचा उपाय लोकांना करावा लागला. अशा वेळी गेम पुन्हा पुन्हा उतरवण्यात जीव घालवू नका. प्रोसेसर बनवणाऱ्याच्या मदत-पानावर आधी शोधा.

पायरी ६ : इंटरनेटपासून दूर जाण्याआधी

प्रवासाला, होस्टेलला, कुठेही जोडणीचा भरवसा नसलेल्या जागी जाण्याच्या आदल्या दिवशी हे करा. विंडोजची बाकी असलेली अपडेट बसवून घ्या आणि संगणक पुन्हा चालू करा. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलायचा असेल तर आत्ताच. ते झाल्यावर, आधी नव्हे, प्रत्येक गेम ऑनलाइन असतानाच एकदा उघडा आणि थेट खेळापर्यंत जा, म्हणजे टोकन ताजं होईल. मग विंडोजची अपडेट आठवडाभरासाठी थांबवा आणि शेवटी स्टीम ऑफलाइन करा. क्रम उलटा झाला तर सगळं वाया जातं.

स्टीम डेक (स्टीमचा हातात धरायचा संगणक) किंवा लिनक्सवाल्यांनी प्रोटॉनची, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती सारखी बदलू नये. डेनुवोला प्रत्येक आवृत्ती म्हणजे नवा संगणक वाटतो, आणि ‘कुठल्या आवृत्तीवर बरं चालतंय’ हे बघता बघता दिवसाची मर्यादा संपून २४ तास गेम बंद.

पायरी ७ : जुन्या डिस्क

कपाटातली २००३ ते २००८ च्या काळातली डिस्क आज बहुतेकदा चालणार नाही, आणि त्यात डिस्कचा दोष नाही. त्या काळातलं सेफडिस्क हे डिस्कचं कुलूप secdrv नावाचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बसवायचं, आणि त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक निघालं. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते चालू दिलं नाही, सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या विंडोजवरही बंद केलं. मायक्रोसॉफ्टचा निर्णय बरोबर होता. असा ड्रायव्हर शोधून परत बसवू नका. तोच गेम जीओजीवर किंवा स्टीमवर नव्याने आलाय का ते बघा, आणि निर्मात्यांनी स्वतः डिस्कची अट काढणारा पॅच दिला होता का तेही.

ॲक्टिव्हेशन मोजणारे गेम त्याच काळातले. २००८ मध्ये स्पोर हा गेम ३ वेळाच ॲक्टिव्हेट करता यायचा. लोक खवळल्यावर मर्यादा ५ झाली. असा गेम अजून बसवलेला असेल तर विंडोज पुसण्याआधी गेममधून ॲक्टिव्हेशन परत करायची सोय आहे का ते शोधा.

पायरी ८ : स्वतःची प्रत ठेवा

जीओजीवर घेतलेल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवता येतो. मोठा असेल तर तो अनेक तुकड्यांत येतो. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, आवृत्तीचा क्रमांक फोल्डरच्या नावात, आणि दोन वेगळ्या डिस्कवर. उतरवल्यावर एकदा इंटरनेट बंद करून बसवून बघा. न तपासलेली प्रत ऐन वेळी दगा देते.

स्टीमवरचेही काही गेम प्रत्यक्षात बिनकुलपाचे असतात. स्टीम पूर्ण बंद करा, गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन मूळ एक्झी फाइलवर डबल क्लिक करा. स्टीम न उघडता गेम सुरू झाला तर तो फोल्डर उचलून ठेवला तरी चालतो. जतन केलेल्या खेळाच्या फायली मात्र बहुतेकदा वेगळ्या जागी, डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असतात. त्या विसरू नका. शंभर तासांचा खेळ तिथे असतो.

पायरी ९ : तक्रार अशी लिहा की ती पुढे जाईल

‘तुमचा गेम भिकार आहे’ या तक्रारीला ठरावीक उत्तर येतं आणि विषय संपतो. खरेदीची तारीख, विंडोजची आवृत्ती, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, चौकटीत आलेला मजकूर जसाच्या तसा, फोटो आणि काय काय केल्यावर हे घडतं त्याचा क्रम लिहा. शेवटी एकच मागणी स्पष्ट ठेवा : दुरुस्ती किंवा पैसे परत. मदत करणाऱ्या माणसावर आवाज चढवू नका. कुलूप त्याने लावलेलं नाही. तोच मजकूर, शिव्या गाळून, दुकानाच्या पानावर प्रतिक्रिया म्हणून टाका, म्हणजे पुढच्या ग्राहकाला कळेल.

सर्व्हरच बंद झाला तर मात्र तक्रार पुरत नाही. युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि डिस्क घेतलेल्यांचाही गेम संपला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे : ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर दुकानाने ते स्पष्ट सांगायला हवं. कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येणारी प्रत त्यातून वगळली आहे, म्हणजे कायद्यानेही हा फरक मानला.

तुमच्या देशात ग्राहक हक्कांची जी यंत्रणा असेल तिच्याकडे जायचं झालं तर विक्रीच्या पानावर खरेदीच्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवावं लागतं, आणि ते पान नंतर बदललेलं असू शकतं. म्हणून पैसे भरायच्या आधीच त्या फिक्या चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या आणि पावतीच्या ईमेलबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा.